मामंजींचा आवाज

मामंजींना मामंजी हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, हे सांगायलाच नको. पहिल्याच सिनेमात त्यांना नायिकेच्या सासऱ्याचं काम मिळालं, तेव्हा त्यांनी तिशी नुकतीच ओलांडली होती आणि नायिका त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी होती. केसांना पांढरी पावडर फासली, नाकावर चष्मा ठेवला आणि एका दुपारी धडधाकट माणूस म्हातारा झाला. तेव्हापासून स्टुडिओतले दिवेवाले, मेकअपवाले, चहावाला, झाडून सगळे त्यांना मामंजी म्हणू लागले. मग ओघानंच त्यांची बायको सासूबाई झाली. तिला तेव्हा मूलबाळही नव्हतं. "सून यायच्या आधी सासूपण आलं, त्यालाही नशीब लागतं," असं ती हसून सांगायची.

चरित्र अभिनेता हा मोठा गमतीचा प्राणी असतो. नायकाला नोकरी तो देतो, नायिकेला घराबाहेर तो काढतो, एक्स-रे उजेडात धरून चष्मा तो काढतो, आणि ही सगळी उस्तवार झाली की गाणं म्हणायला ते दोघे मोकळे. मामंजींनी जन्मभर हेच केलं. बाप, न्यायाधीश, हेडमास्तर, डॉक्टर, बँकेचे मॅनेजर आणि पुन्हा बाप. छोट्या नटांनी कपडे घरून आणायचे अशी तेव्हा रीत होती. त्यांच्या कपाटात वरचा कप्पा श्रीमंत बापाचा, मधला गरीब बापाचा आणि खालचा न्यायाधीशाचा. सासूबाई सकाळी कपाट उघडून विचारायच्या, "आज कुणाचे बाप?" स्वतःचे म्हणावेत असे कपडे मामंजींपाशी दोनच जोड होते आणि दोन्ही कोपरावर विरलेले.

लोकांनी त्यांच्यावर माया फार केली. रस्त्यात, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत कुणीतरी ओळखायचंच. मग हमखास फर्माईश यायची, "मामंजी, ते एकदा म्हणा ना." ते म्हणजे त्या पहिल्या सिनेमातलं वाक्य. घाबरलेल्या सुनेच्या हातून कपबशी फुटते आणि सासरा म्हणतो, "सावकाश, सूनबाई. संसार आहे, शर्यत नाही." पोरंटोरंसुद्धा एकमेकांना ते म्हणून दाखवायची. मामंजी आढेवेढे घेत, आणि अखेर म्हणत. ऐकणाऱ्याचा चेहरा पडे. कुणी भला माणूस विचारी, "आवाज बसलाय का हो?" आणि घोळक्यातलं एखादं कार्टं तेच वाक्य त्यांच्याहून झकास म्हणून दाखवी.

आवाज बसलेला नव्हता. पडद्यावरचा आवाज त्यांचा नव्हताच.

ही गोष्ट धंद्यातल्या माणसांना ठाऊक होती, बाहेर कुणाला नव्हती. मामंजी मूळचे नाटकातले. फिरत्या कंपनीत होते. आज या गावी, उद्या त्या गावी, ट्रंकांवर बसून जेवायचं आणि बसमध्ये झोपायचं. त्या कंपनीत एक प्रॉम्प्टर होता. रंगमंचाच्या बाजूला, विंगेत, स्टुलावर संहिता घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचे दोन शब्द हलकेच पुरवायचे, हे त्याचं काम. शेवटच्या रांगेला ऐकू जाता कामा नये आणि नटाला गेलंच पाहिजे, अशी कुजबूज त्याला साधली होती. म्हणून कंपनीनं त्याचं नाव कुजबुजे ठेवलं. ते इतकं रुळलं की पगाराच्या पाकिटावरही कुजबुजे लिहिलेलं असे.

मामंजींना मात्र कुजबुजेंची गरज कधी पडली नाही. तेवढा एक गर्व त्यांनी आयुष्यभर बाळगला. ताप असो, दिवे जावोत, समोरच्या नटाची दातखीळ बसो, मामंजींचा शब्द कधी अडला नाही. प्रवेशाला जाताना ते विंगेत थांबून म्हणायचे, "कुजबुजे, तुम्ही आता खुशाल झोप काढा." कुजबुजे मान हलवायचे आणि झोपायचे नाहीत. बोट संहितेवर आणि डोळे मामंजींच्या ओठांवर ठेवून बसलेले असायचे.

तर तो पहिला सिनेमा. त्या काळी चित्रीकरणात बोललेलं कॅमेऱ्याच्या खरखरीत वाहून जायचं. नंतर नटानं बंद खोलीत उभं राहून, पडद्यावरच्या आपल्याच ओठांकडे बघत, तेच बोलणं माईकसमोर पुन्हा बोलायचं. याला डबिंग म्हणतात. मामंजींच्या डबिंगचा दिवस ठरला आणि कंपनीचा दौरा लांबला. निरोप एका गावात पोचला तेव्हा कंपनी पुढच्या गावात होती. कुजबुजे त्या वेळी बायकोच्या बाळंतपणासाठी मागे राहिले होते. सिनेमावाले कंपनीच्या ऑफिसात आले, ते कुजबुजेंना भेटले, आणि कुजबुजे त्यांच्याबरोबर गेले.

मामंजी परत आले ते थेट सिनेमाला, बायकोला घेऊन, पहिल्या खेळाला. अंधारात आपला चेहरा भिंतीएवढा झालेला बघून त्यांचा ऊर भरून आला, आणि त्या चेहऱ्यानं तोंड उघडलं. दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला. भरदार, छातीतून येणारा, आणि प्रत्येक 'स'ला बारीकशी शिट्टी. "स्सावकाश, स्सूनबाई." थिएटर टाळ्यांनी दणाणलं. मामंजी थिजून बसले. सासूबाई मात्र शेजारी डोळे पुसत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अगदी तुमच्यासारखा बोललाय हो." आता नवरा पोळलेला असताना बायकोनं असं बोलावं का? मामंजींना ते मीठ चोळल्यासारखं लागलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि सासूबाईंनी तो विषय पुढे फारसा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी रंगपटात, सगळ्यांच्या देखत, मामंजींनी कुजबुजेंना गाठलं. "इतकी वर्षं माझं वाक्य माझ्या आधी बोलायला टपून होतात," ते म्हणाले, "आता माझ्याऐवजी बोललात." कुजबुजेंनी काहीतरी उत्तर दिलं. पण सवयच कुजबुजायची, आणि मामंजी ऐकायला थांबले नाहीत.

बोलणं तुटलं ते तुटलंच. जोडी मात्र तुटली नाही, ही त्यातली मेख. दुसऱ्या सिनेमाला मामंजींनी स्वतः डबिंग करायचा हट्ट धरला, तर निर्मात्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की चेहरा तुमचा छान आहे आणि आवाज आमच्याकडे तयार आहे. चरित्र अभिनेत्यानं निर्मात्याशी भांडायचं नसतं, त्याच्यासारखे बाप बाजारात बक्कळ असतात. पुढे सिनेमे येत गेले. मामंजी सकाळी जाऊन ओठ हलवून यायचे, आणि महिन्यांनी कुजबुजे जाऊन त्या ओठांत आवाज घालून यायचे. कुजबुजेंनी कंपनी सोडली, छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी धरली, आणि रजा काढून फक्त मामंजींपुरतं डबिंग करत राहिले. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मामंजींनी त्यांना जन्मभर पाण्यात पाहिलं. घरात उल्लेख करायचा झाला तर 'तो शिट्टीवाला' म्हणायचे. माणसाला शिट्टी घालायची हौसच असेल तर गुरं राखावीत, सिनेमात कशाला यावं, असंही म्हणायचे.

इथवर झालं ते दैवाचं होतं. याच्या पुढचं मामंजींनी स्वतःच्या हातांनी केलं. नाटक अजून त्यांचं स्वतःचं होतं, तिथे मधे कुणी नव्हतं. पण आता प्रेक्षक सिनेमा बघून नाटकाला यायचे, आणि मामंजींच्या पहिल्या वाक्याला खूश होऊन कुजबुजायचे, "तोच आवाज!" मामंजींना वाटायचं, म्हणजे मी आता माझ्याच रंगमंचावर त्याची नक्कल करतोय की काय? त्यांनी आवाज बदलायला घेतला. छातीतून यायचा तो वर गळ्यात आणला, लांब वाक्यांचे तुकडे पाडले, ठेहराव काढून टाकले. जे जे म्हणून त्या शिट्टीवाल्यासारखं वाटेल, ते ते वेचून फेकलं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच. "पूर्वीसारखं बोला ना हो," सासूबाई एकदाच म्हणाल्या. मामंजींनी असं बघितलं की त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. हळूहळू नाटकं कमी झाली, मग थांबली. लोक म्हणाले, सिनेमानं त्यांना खाल्लं. मामंजींनाही तसंच वाटत राहिलं.

असं करता करता ते खरोखरीचे म्हातारे झाले. पावडरचा खर्च वाचला. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एका नव्या दिग्दर्शिकेनं त्यांना सिनेमातलं मुख्य काम दिलं. म्हाताऱ्या घड्याळजीचं. लेकीशी पूर्वी कधीतरी भांडून बसलेला हा माणूस अखेर एके दिवशी तिच्या दाराशी जातो, आणि बेल वाजवायच्या आधी काय बोलायचं ते बंद दारासमोर घोकतो. चित्रीकरण एका गजबजलेल्या रस्त्याच्या नाक्यावर झालं, त्यामुळे बोलणं पुन्हा डब करावं लागणार होतं. आणि तेवढ्यात बातमी आली की कुजबुजेंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला.

सिनेमावाल्यांनी एक मिमिक्रीवाला हेरून ठेवला होता. तो हुबेहूब मामंजी काढायचा, म्हणजे हुबेहूब कुजबुजे. मामंजी दिग्दर्शिकेच्या ऑफिसात गेले. आयुष्यात त्यांनी कधी कुणापाशी काम मागितलं नव्हतं, ते त्या मुलीसमोर खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "मला एकदा बोलू द्या. माझ्या नातीनं मला सिनेमात कधी ऐकलेलं नाही. तिनंच काय, कुणीच ऐकलेलं नाही." ती मुलगी मनानं चांगली होती. एक दुपार देते म्हणाली. जमलं तर ठीक, नाहीतर मिमिक्रीवाला.

जमलं नाही. डबिंगची खोली म्हणजे जाड पडदे लावलेलं एक कपाटच, समोर छोटा पडदा, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. मामंजी माईकसमोर उभे राहिले, पडद्यावर मामंजींनी तोंड उघडलं, आणि दोघांचं काही केल्या जुळेना. ओठ थांबायचे तिथे हे बोलायचे, हे थांबायचे तिथे ओठ हलायचे. तोंडातून येत होता तो गळ्यातला, तुटक, कोरडा आवाज, आणि पडद्यावरच्या म्हाताऱ्याला तो परक्याचा अंगरखा घातल्यासारखा दिसत होता. रेकॉर्डिस्टनं फार सभ्यपणे विचारलं, थोडं पाणी घेता का? सभ्यपणानं माणूस जितका मेल्याहून मेला होतो तितका शिवीनं होत नाही. दिग्दर्शिका म्हणाली, उद्याचा दिवस जाऊ दे, परवा सकाळी एकदा शेवटचं बघू. आणि जाता जाता म्हणाली की ते आजोबा कसं जुळवायचे ते त्यांनाच एकदा विचारून का बघत नाही?

मामंजी घरी येऊन फणफणले. त्याच्या दारात जाऊ? मी? सासूबाई इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या म्हणाल्या. "किती वर्षं गप्प बसले. आता जा तुम्ही. आणि कुणाचे बाप बनून जाऊ नका, आपल्या कपड्यांत जा."

कुजबुजेंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढून मामंजी दारासमोर उभे राहिले आणि बेल वाजवायच्या आधी काय बोलायचं ते घोकू लागले. आपण हे अलीकडेच कुठेतरी केलंय हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचाच राग आला. दार कुजबुजेंच्या पत्नीनं उघडलं. केस पांढरे झाले होते, बाकी कंपनीतल्या वहिनी तशाच.

"काही काम नाही, वहिनी. सहज आलो," मामंजी म्हणाले.

"इतक्या वर्षांनी सहज? या भावोजी."

कुजबुजे खिडकीशी बसले होते. गळ्याला मऊ मफलर, मांडीवर वर्तमानपत्र, आणि बोट ओळीवर. मामंजींना बघून ते उठले. ओठ हलले, पण मामंजींना ऐकू आलं नाही. जवळ जाऊन वाकावं लागलं. "बसा," कुजबुजे म्हणत होते. डॉक्टरांनी सगळा आवाज काढून घेतला होता आणि शिल्लक काय ठेवली होती, तर कुजबूज. मामंजींना वाटलं, देवसुद्धा कधी कधी पाणचट विनोद करतो.

चहा आला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. कुजबुजे कुजबुजत, वहिनी मोठ्यानं पुन्हा सांगत, असं चाललं होतं. अखेर मामंजींनी विषय काढला. म्हणाले की तुमचा आवाज मला जुळत नाहीये, तुम्ही कसं करायचात? शब्द गोड होते, पण त्यांतली अढी लपली नाही. वहिनींनी कप खाली ठेवला.

"ह्यांचा कुठला आवाज?" त्या म्हणाल्या. "तो तुमचाच काढायचे ते."

मामंजींना अर्थ लागेना. वहिनी सांगत गेल्या. त्या दिवशी सिनेमावाले ऑफिसात आले ते मामंजींना शोधायला नव्हे, कळवायला आले होते, की माणूस नाही तर सासऱ्याचे प्रवेश कापून टाकतो, एका गाण्यात भागवतो. कुजबुजे म्हणाले, कापू नका, ते कसं बोलतात ते मला पाठ आहे. आणि जाऊन रोज विंगेतून ऐकलेले मामंजी माईकसमोर उभे केले. श्वास कुठे, ठेहराव कुठे, कुठला शब्द छातीतून, सगळं. पुढेही प्रत्येक वेळी तेच. "घरात कधी असं बोलले नाहीत हो. घरी साधंच बोलायचे, बारीक आवाजात."

मामंजी हसले, वादात सापडलेला माणूस हसतो तसं. म्हणाले, "आणि ती शिट्टी? ती पण माझीच का?"

कुजबुजेंनी मफलर सारखा केला आणि आपल्या वरच्या समोरच्या दातावर बोट टेकवलं. मग तेच बोट मामंजींकडे केलं.

मामंजींची जीभ आपोआप त्या दाताकडे गेली. तो दात खोटा होता. खरा दात कंपनीच्या दिवसांत ट्रंक उतरवताना अर्धा तुटला होता, आणि पुढे दोन-तीन सिनेमे झाल्यावर, क्लोजअपमध्ये दिसतो म्हणून, त्यांनी तो बसवून घेतला. त्या तुटक्या दातातून आपण किती तरी वर्षं शिट्टी घालत होतो, आणि हे आपल्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आपला आवाज आपल्याला जगाला ऐकू येतो तसा कधीच ऐकू येत नाही. नाटकाचं तर कुठे रेकॉर्डिंगही नव्हतं. मामंजींच्या डोळ्यांसमोर ते थिएटर आलं, डोळे पुसणारी बायको आली, मग एकेक करून ती सगळी नाटकं आली, ज्यांत त्यांनी स्वतःचा आवाज वेचून वेचून बाहेर फेकला होता. चोर चोर म्हणून ज्याच्यामागे ते धावले, तो त्यांचीच वस्तू सांभाळून बसला होता. त्यांना फार लाज वाटली. इतकी की मान वर करवेना.

"मी बोललो होतो तुम्हाला," कुजबुजे कुजबुजले. "रंगपटात. तुमच्यासारखंच केलंय म्हणून."

"मी ऐकलं नाही," मामंजी म्हणाले.

वहिनी कप गोळा करायला उठल्या. उठता उठता, तक्रार म्हणून नव्हे, पाऊसपाण्याविषयी बोलावं तसं त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी पोरं म्हणाली, बाबांचा आवाज कुठेतरी धरून ठेवू. तर आयत्या वेळी खोकलाच सुरू झाला, शब्द फुटेना. मग म्हटलं, इतके सिनेमे आहेत की. सगळे लावून बघितले. सगळीकडे तुम्हीच बोलताय, भावोजी. हे कुठेच नाहीत."

एवढा वेळ मामंजी आपल्या नुकसानीचं गाठोडं डोक्यावर घेऊन हिंडत होते, आणि खरं नुकसान या घरात, खिडकीशी, वर्तमानपत्र वाचत बसलं होतं. निघताना ते दाराशी थांबले. म्हणाले, "कुजबुजे, परवा सकाळी याल? विंगेत कुणीतरी हवंय."

ठरलेल्या सकाळी कुजबुजे आले. मफलर, चष्मा, हातात पेन्सिल. डबिंगच्या खोलीत बोलणाऱ्याखेरीज कुणी थांबायचं नसतं, कापडाची सळसळसुद्धा माईक पकडतो. रेकॉर्डिस्ट नाही म्हणाला. मामंजी म्हणाले की मग मीही नाही. दिग्दर्शिकेनं दोघांकडे पाहिलं आणि एक स्टूल आणवलं. कुजबुजे स्टुलावर बसले, संहिता मांडीवर, बोट ओळीवर, डोळे मामंजींच्या ओठांवर.

पडदा उजळला. कुजबुजे बोट उचलत, तिथे मामंजी श्वास घेत. बोट टेकलं की सोडत. पहिल्या दोन वेळा अडखळले. तिसऱ्या वेळी काय झालं कोण जाणे, श्वास गळ्यात न अडकता खाली गेला, आणि छातीच्या तळातून, गंजलेला, घोगरा, पण ओळखीचा आवाज वर आला. शिट्टी नव्हती, ती दाताबरोबर गेली होती. पण बाकी तोच. पडद्यावरच्या म्हाताऱ्याच्या ओठांत तो असा बसला की काचेपलीकडे दिग्दर्शिका खुर्चीत पुढे झाली. प्रवेशामागून प्रवेश झाले. मामंजींना जे हवं होतं ते मिळालं होतं. नात ऐकणार होती.

राहिला तो दाराचा प्रवेश. मध्ये चहाची सुट्टी झाली. परत आल्यावर मामंजींनी कुजबुजेंचं स्टूल स्वतःच्या हातानं उचललं आणि माईकच्या अगदी जवळ आणून ठेवलं. ऐकू कमी येतं, असं काहीतरी सांगितलं. रेकॉर्डिस्ट कपाळाला आठी घालून बघत राहिला. कुजबुजेही बघत राहिले, कारण मामंजींचे कान तिखट आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पडद्यावर म्हातारा बंद दारासमोर उभा राहिला. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. तोंड भिंतीकडे वळवलं. ओठ आता दिसत नव्हते.

"मी आलोय," मामंजी म्हणाले. "काही काम नाही."

आणि ते थांबले.

पुढचे शब्द त्यांना ठाऊक होते. तापात, अंधारात, कशातही त्यांचा शब्द अडला नव्हता, आणि आजही अडला नव्हता. ते नुसते थांबले. नटाला यापेक्षा मोठी नामुष्की नसते, अंगावरचे कपडे उतरवून उभं राहावं तसं वाटतं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनं मान वर केली. मामंजींनी कुजबुजेंकडे पाहिलं. साऱ्या नाटकांच्या साऱ्या प्रयोगांत त्यांनी विंगेकडे असं कधी पाहिलं नव्हतं. कुजबुजे तर या नजरेची अख्खं आयुष्य वाट बघत बसले होते. विचार करायला त्यांना वेळच लागला नाही. बोट ओळीवर होतंच.

"सहज आलो," कुजबुजे कुजबुजले.

"सहज आलो," मामंजी म्हणाले.

रेकॉर्डिस्टनं टेप थांबवला. म्हणाला, सुंदर, पण मागून कुजबूज आलीये, आणखी एक घेऊ. मामंजींनी कानावरचा हेडफोन काढून खुंटीला अडकवला.

"तो म्हातारा विसरलाय," ते दिग्दर्शिकेला म्हणाले. "विसरला की आतून कुणीतरी सांगतं. राहू द्या ते."

तिनं ते पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग रेकॉर्डिस्टला म्हणाली की राहू द्या. कुजबुजे मान खाली घालून पेन्सिलीनं संहितेवर काहीतरी खूण करत होते, आणि ती खूण बराच वेळ पुरी होत नव्हती.

सिनेमा लागला त्या पहिल्या खेळाला सगळे गेले. मामंजी स्वतःच्या कपड्यांत, विरलेल्या कोपरांसकट. एका बाजूला नात आणि सासूबाई, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि पलीकडे कुजबुजे. सुरुवातीलाच नातीनं मामंजींच्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "आजोबा, हे तर तुम्हीच." सासूबाईंनी पदराचं टोक हातात घेऊनच ठेवलं होतं.

दाराचा प्रवेश आला. म्हाताऱ्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, तोंड भिंतीकडे वळवलं. मी आलोय. काही काम नाही. मग ती शांतता, आणि त्या शांततेत, अगदी हलके, एक कुजबूज. प्रेक्षकांतल्या बहुतेकांना ती त्या म्हाताऱ्याच्या मनातलीच वाटली. काहींना ऐकूही आली नाही. मामंजी पडद्याकडे बघतच नव्हते, ते वहिनींकडे बघत होते.

वहिनी ताठ झाल्या. त्यांनी अंधारात चाचपून नवऱ्याचा हात धरला आणि मामंजींकडे वळून, हलक्या आवाजात, लहान मूल पहिल्यांदा बोललं की सांगतात तसं सांगितलं, "हे बोलले."